वकीलबाईंचा तिसरा अंक

॥ श्री ॥

कोपरी, ठाणे
रविवार, ता. २७ जून १९५४

चि. हरिहर यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. त्यात अर्धी जागा पत्त्याने खाल्ली होती आणि उरलेल्यात तू घाईत असल्याचं दोनदा कळवलं होतंस. सचिवालयातले कारकून सरकारी कागदही इतक्या थोडक्यात लिहीत असते तर राज्य केव्हाच सुखी झालं असतं.

आमच्या कोर्टात या आठवड्यात बाळकुमच्या काळुरामचा दावा निघाला. त्याच्या शेजाऱ्याने दोन पावसाळ्यांत शेताचा बांध हळूहळू चार हात अलीकडे सरकवला, अशी त्याची तक्रार आहे. बांधाला पाय फुटले तर तो नेहमी गरिबाच्या शेताकडेच का चालतो, हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. शेजाऱ्याचा साक्षीदार छातीठोक म्हणाला की बांध आपल्या आज्याच्या वेळेपासून तिथेच पाहतो आहे. मी विचारलं की आजा वारला तेव्हा तुमचं वय काय होतं. तो म्हणाला, जन्म व्हायचा होता. त्यावर मी जज्जसाहेबांना एवढंच म्हटलं की साक्षीदाराची नजर अधू असेल असं मला वाटत होतं, पण ती फारच लांबची निघाली.

विरुद्ध बाजूला प्रभाकरपंत होते. ते अर्धा तास उभे राहून बोलले आणि एकदाही मुद्द्याजवळ गेले नाहीत. शेवटी मी विनंती केली की साहेब, यांना एक तर खुर्ची द्या, नाही तर मुद्दा द्या. काळुराम बाहेर आल्यावर मला म्हणाला की बाय, तू बोलतेस ते मला निम्मं कळत नाही, पण समोरच्याचं तोंड बघून पैसे फिटतात.

घरी सगळं ठीक. स्वयंपाक अजून दोघींचा होतो. आईला जाऊन दोन वर्षं झाली, पण हाताला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. उरलेलं आमची भांडीवाली शकू घेऊन जाते आणि वर माझी आमटी कोर्टाइतकीच आंबट असते, असा निकालही देते.

हे पत्र चित्राने वाचावं. तू हसताना शब्द गिळतोस. बाबा फिरतीवर असताना त्यांचं पत्र आलं की आई आपल्याला ओळीत बसवून मोठ्याने वाचायची, ते वळण तुमच्या ओटीवर टिकलं याचं बरं वाटतं. प्रभाकरपंतांचा परिच्छेद तिने उभं राहून वाचावा. शालूला पापा.

लोभ आहेच, पावसाळी हवेत त्याला बुरशी येऊ देऊ नये.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

डोंबिवली
रविवार, ता. ११ जुलै १९५४

ती. ताईस हरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं गेलं. एकदा आमच्यासाठी, एकदा शेजाऱ्यांसाठी आणि तिसऱ्यांदा आमच्या मंडळातल्या गोपीनाथसाठी, कारण त्याला ठाकुर्लीच्या वीजघरातून सुटायला उशीर झाला. आमच्या आळीत हल्ली लोक वर्तमानपत्राआधी तुझं पत्र आलं का विचारतात. चित्राने प्रभाकरपंतांचा परिच्छेद उभं राहूनच वाचला. खुर्ची आणि मुद्दा आला तेव्हा गोपीनाथ ओटीवरून खाली पडायचा राहिला.

आता खरी बातमी. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी नाटक लिहितो आहे. तीन अंकी, हसवता हसवता मध्येच डोळ्यांना पदर लावायला लावणारं. नाव 'बाईंना बोलू द्या'. नायिका वकील आहे, तिखट जिभेची. पुढचं विचारू नकोस, तुझ्यासारखीला अंदाज आलाच असेल.

आमच्याकडच्या बायका नाटकात उभ्या राहायला अजून तयार नाहीत, म्हणून काम गोपीनाथच करणार. त्याचा गळा गोड आहे आणि कष्टाची तयारी आहे. कालच त्याने मिशी उतरवली. तेव्हापासून त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. तो दोन दिवस रजा काढून तुझ्या कोर्टात येणार आहे, वकीलबाई कशा उठतात, कशा बसतात ते पाहायला. त्याला हाकलू नकोस.

आणि असल्या गमती आणखी पाठव. जे घडेल ते पाठव, काहीही वाया जाणार नाही.

चित्रा नमस्कार सांगते. माया पातळ होऊ न द्यावी.

तुझा,
हरी


॥ श्री ॥

कोपरी, ठाणे
रविवार, ता. २५ जुलै १९५४

चि. हरिहर यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा गोपीनाथ येऊन गेला. दोन दिवस मागच्या बाकावर असा टक लावून बसला होता की पट्टेवाल्याला तो फितूर साक्षीदार वाटला. पहिल्या दिवशी त्याने माझा चष्मा नाकावर सरकवणं शिकून घेतलं, दुसऱ्या दिवशी खोकणं. माझ्या खोकण्यात शिकण्यासारखं काही आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

जेवणाच्या सुट्टीत तो वकिलांच्या खोलीतही डोकावला. तिथे मधल्या मोठ्या टेबलाभोवती अकरा वकील डबे उघडून बसतात. मला खिडकीशी स्वतंत्र टेबल आहे. वकिलीची नोंदणी झाली त्या दिवशी मानाने दिलेलं, ते अठरा वर्षं चालू आहे. गोपीनाथने विचारलं की तुम्ही रोज इथेच जेवता का. मी म्हटलं की एकटी नाही, खिडकीत एक कावळा असतो. तो वेळेवर येतो, मध्ये बोलत नाही आणि तारीख मागत नाही. एवढे गुण असलेला दुसरा पक्षकार मला मिळालेला नाही.

पुढच्या रविवारी तिघं या. अळू चांगलं मिळतं आहे, वड्या करीन. तुम्ही मे महिन्यात आला होता. शालूचा फ्रॉक शिवून ठेवला आहे, पण ती माझ्या शिवणापेक्षा भराभर वाढते, तेव्हा लवकर या.

काळुरामच्या दाव्याला सप्टेंबरातली तारीख पडली. तो म्हणतो की तोवर बांध माझ्या ओसरीवर येऊन जेवायला मागेल.

लोभ असतोच, अधूनमधून त्याने तोंड दाखवावं.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

डोंबिवली
रविवार, ता. १५ ऑगस्ट १९५४

ती. ताईस हरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्ताच झेंडावंदन करून आलो आणि आधी माफी मागतो. त्या रविवारी यायचं जमलं नाही, आणि कळवायचंही राहिलं. रविवार सगळे तालमीत जातात. अळूवड्या चुकल्या याचं चित्राला फार वाईट वाटलं, मला त्याहून जास्त.

तुझा कावळा दुसऱ्या अंकात घेतला आहे! गोपीनाथ डबा उघडतो आणि कावळ्याशी दाव्याची चर्चा करतो. तालमीत मंडळी पोट धरून हसतात.

शेवट जमत नव्हता. इतकी तिखट बाई शेवटी मऊ कशी होते, तिथे गाडी अडली होती. परवा ऑफिसात फाईल बांधता बांधता सुचलं. आता तिसरा अंक असा झाला आहे की तू पाहतच राहशील.

प्रयोग रविवारी, ५ सप्टेंबरला, संध्याकाळी सहाला, शाळेच्या पटांगणात. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझी. तिच्यावर तुझ्या नावाचा कागद लावणार आहे. नक्की ये.

कृपादृष्टी आहे ती वाढती असावी.

तुझा,
हरी


॥ श्री ॥

डोंबिवली
बुधवार, ता. ८ सप्टेंबर १९५४

ती. ताईस हरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू आली नाहीस. तुझी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. तब्येत बरी आहे ना?

नाटक जोरात झालं. खुर्ची द्या नाही तर मुद्दा द्या, या वाक्याला एवढ्या टाळ्या पडल्या की गोपीनाथला ते पुन्हा म्हणावं लागलं. कल्याणहून, ठाण्याहूनही लोक आले होते. तुमचे प्रभाकरपंत सहकुटुंब होते, ते तर सगळ्यांत मोठ्याने हसले. आणि ऐक, मुंबईच्या एका नाट्यस्पर्धेत आमचं नाटक घेतलं आहे. प्रयोग नोव्हेंबरात. ताई, माझं लिहिलेलं मुंबईला होणार!

आता दुसऱ्या अंकात आणखी थोडा मसाला हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत. मंडळी मंगळवारी तालमीला जमतात, तेव्हा ते इथे असेल असं पाहा.

लोभाची ही ठेव अशीच राहू द्यावी.

तुझा,
हरी


॥ श्री ॥

कोपरी, ठाणे
रविवार, ता. १९ सप्टेंबर १९५४

चि. हरिहर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी आले होते.

मागे बायकांच्या बैठकीत बसले, डोक्यावर पदर घेऊन. नावाचा कागद लावलेल्या खुर्चीत बसून लोकांनी एकदा नाटकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहावं, हे मला नको होतं. गोपीनाथने काम उत्तम केलं. चष्मा माझा, खोकला माझा, बोलताना डाव्या हाताने पदर आवळायची सवयही माझी. दोन अंक मी खरंच हसले. शेजारी एक बाई होती, मांडीवर मूल घेऊन. ती डोळे पुसत मला म्हणाली की अशी बाई शेजारी राहायला मिळाली पाहिजे, दिवस कसा गेला ते कळायचं नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही.

मग तुझा तिसरा अंक. विरुद्ध बाजूचा विधुर वकील तिला मंगळसूत्र घालतो, आता कोर्ट उठलं असं जाहीर करतो, आणि ती मान खाली घालून गप्प बसते. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला पडल्या. हरी, दोन अंक तुम्ही माझ्या तोंडावर पोट भरून हसलात, आणि तिसऱ्यात ते बंद झालं म्हणून टाळ्या वाजवल्यात.

गुरुवारी काळुरामचा दावा होता. मी उठले, तोंड उघडण्याआधीच प्रभाकरपंतांनी हात जोडून जज्जसाहेबांकडे खुर्ची मागितली. सगळं कोर्ट हसलं, साहेबही हसले. माझ्याकडे मोजणीचा जुना नकाशा होता, दाव्याचा सगळा जीव त्यात होता. मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा लोक पुढच्या विनोदाची वाट पाहत होते. पुढची तारीख पडली. बाहेर काळुरामने विचारलं की बाय, माझ्या जमिनीत हसण्यासारखं काय आहे.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण मी रागावले आहे.

तू माझं लेखन चोरलंस म्हणून नाही. पत्र मोठ्याने वाचायचं हे आपल्या घरचं वळणच आहे, आणि मीच ते तुला करायला सांगत आले. जे चारचौघांत वाचलं जाणार ते मी चारचौघांसाठी लिहीत गेले. कोण रडकं पत्र ओटीवर वाचून घेईल? आई गेल्यापासून तुला मी एकही पत्र लिहिलेलं नाही, हरी. लिहिली ती सगळी तुझ्या ओटीवर जमणाऱ्या मंडळींना. आणि तुलाही ती पुरली. गमती पाठव म्हणून लिहितोस, ताई संध्याकाळी काय करते हे एकदाही विचारलं नाहीस.

कोर्टातून आले की कुलूप काढते आणि खोकते. आई आत असायची तेव्हा मी आल्याचं तिला कळावं म्हणून खोकत असे. अजून खोकते. मग दिवा लावते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी शकू येईपर्यंत या घरात शब्द निघत नाही. ज्या जिभेची सगळ्या ठाण्याला धास्ती आहे ती रोज चौदा तास टाळ्याला चिकटून असते.

आता पत्राला बसले की लेखणी आपसूक हसवणारं वाक्य शोधायला लागते, आणि मला तिची किळस येते. दुसरं लिहायची सवय राहिली नाही. म्हणून बहुधा हे शेवटचं. तुमची खुशाली कार्डावर कळवत जा.

चित्राला आणि शालूला आशीर्वाद.

ताई

ता. क. हे पत्र तू एकट्याने वाच. कोणासमोर वाचू नये.


॥ श्री ॥

डोंबिवली
गुरुवार, ता. २३ सप्टेंबर १९५४

ती. वन्सं यांस चित्राचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी तुम्हांला वेगळं पत्र कधी लिहिलं नाही, यांच्या पत्राच्या कडेलाच दोन ओळी लिहीत आले. आज यांना न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी आलं. पाकीट जाड होतं, म्हणून मला आनंदच झाला. संध्याकाळी तालमीची सातआठ मंडळी ओटीवर होती. हे नुकतेच ऑफिसातून येऊन पाय धूत होते. यांनीच आतून सांगितलं की तू सुरू कर, मी आलोच. मी नेहमीसारखं वाचायला घेतलं. तुम्ही आला होता या ओळीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वन्सं, मी थांबायला हवं होतं. तुमच्या पत्रातली ती शेजारची बाई आली तेव्हाच माझा आवाज बदलला. पण मला वाटलं की पुढच्या ओळीत विनोद येईल. तुमचं तसंच असतं, आधी चटका, मग हसू. येईल, येईल म्हणत मी कुलपापर्यंत वाचत गेले, मग थांबणंही सुचेना. एकट्याने वाच, हे सगळ्यांत शेवटी आलं. तेही मी मोठ्याने वाचलं.

हे दारात पंचा घेऊन उभे होते, ते किती वेळ उभे होते मला माहीत नाही. गोपीनाथभावजी एवढंच म्हणाले की ते टेबल आणि तो कावळा मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यावर लोकांना हसवलं. चहा तसाच ठेवून ते निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले.

चूक माझी आहे. यांच्यावर जेवढा राग असेल त्यातला निम्मा माझ्यावर काढा. हे दोन दिवस जेवत नाहीत नीट. मीही माहेरी पत्र लिहिते तेव्हा सगळं छान छानच लिहिते, कारण तिथेही माझे काका ते ओसरीवर वाचतात. पण तुम्ही तसं करत असाल हे माझ्या ध्यानीमनी आलं नाही. तुम्ही एवढ्या शहाण्या, तुम्हांला काय कमी, असंच मी धरून चालले.

पत्र बंद करू नका. एवढं मागते. राग ठेवा, पण आपल्या माणसांत ठेवा आम्हांला.

तुमची,
चित्रा


॥ श्री ॥

डोंबिवली
सोमवार, ता. ४ ऑक्टोबर १९५४

ती. ताईस हरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल आम्ही तिघं तुझ्याकडे आलो ते माझं तोंड तुला दाखवायला. चार वाक्यं पाठ करून आलो होतो. तू दार उघडलंस आणि म्हणालीस की या, आज पक्षकार सहकुटुंब आले. मग पोहे झाले, नव्या बेलीफाची गोष्ट झाली, शकूच्या जावयाची झाली. मी तीनदा खदखदून हसलो. चित्राने कोपराने ढोसलं तेही मला कळलं नाही. तू स्टेशनपर्यंत पोचवायला आलीस, तिथेही हसवलंस. डोंबिवलीला उतरल्यावर शालूने विचारलं की आत्याकडे आत्या झोपली की मग कोण असतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माफी मागायला गेलो होतो आणि हसून परत आलो.

समोर बसून तुझ्याशी मला बोलता येत नाही, ताई. तू बोलतेस आणि मी लहान होतो. म्हणून लिहितो. हे पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही.

गोपीनाथने जुलैतच मला तुझ्या टेबलाचं सांगितलं होतं. त्याला ते पाहून कसंतरी झालं होतं, हेही म्हणाला होता. मी म्हटलं, वा, काय प्रसंग आहे. वहीत उतरवून घेतला. आपली बहीण अठरा वर्षं एकटी जेवते हे कळल्यावर ज्याला आधी वही आठवते, त्याला काय म्हणावं ते तूच सांग. तुझ्याकडे शब्द असेल.

आणि तिसऱ्या अंकाचं. तुझं लग्न मी लावलं ते टाळ्यांसाठी नाही. तुझ्यापुढे खोटं बोलवत नाही. तुझं कुठेतरी लागलं म्हणजे मी सुटलो, असं वाटत होतं. मग रविवारी ठाण्याला न जाण्याची टोचणी राहिली नसती. खऱ्यात ते होईना, म्हणून कागदावर उरकून टाकलं.

नाटक मी मागे घेतो. स्पर्धेच्या लोकांना तसं पत्र लिहिलं आहे, उद्या टाकीन.

दया असावी, लोभ मागायचं तोंड नाही.

हरी


॥ श्री ॥

कोपरी, ठाणे
गुरुवार, ता. ७ ऑक्टोबर १९५४

चि. हरीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

नाटक मागे घेऊ नकोस. पत्र टाकलं असशील तर दुसरं टाक. गोपीनाथने तुझ्यासाठी मिशी दिली आणि बायकोचा अबोला सोसला, त्याची भरपाई तू कुठून करणार? आणि चित्राला सांग की चूक माझी. एवढी वर्षं इतरांचे कागद तपासते, सगळ्यांत महत्त्वाची अट पहिल्या ओळीत घालावी हे पक्षकारांना बजावते, आणि स्वतःच्या पत्रात ती ता. क. मध्ये टाकली. प्रभाकरपंतांनी केलं असतं तर मी त्यांना सोडलं नसतं.

पण लग्न काढून टाक. ही माझी अट, आणि ती या वेळी पत्राच्या वरच्या भागात आहे.

मी तुझ्या शिक्षणासाठी लग्न केलं नाही, असं आपल्या नात्यात सांगतात. मी खोडून काढलं नाही, कारण ते ऐकायला बरं वाटे. ते खरं नाही. मला नवरा नको होता. तेव्हाही नको होता, आजही नको. पण जेवताना समोर कोणीतरी असावं, मी आल्याचं आतून कोणाला तरी कळावं, हे हवं होतं, आणि आई होती तोवर ते होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची उणीव दिसली की तुम्ही सगळे झटकन दुसरी आणून ठेवता. एकटीला करमत नाही म्हटलं की स्थळ सुचवता. मग माणूस करमत नाही म्हणायचंच सोडून देतं.

रविवारी तू हसलास याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी हसवत होते. तुम्ही जिन्यावर दिसलात आणि मला भीती वाटली की आता हा रडेल, मग मी रडेन, आणि नंतर पोहे कोण करील? तू गेल्यावर वाटलं की पोहे राहिले असते तरी चाललं असतं.

काळुरामचं सांगते, त्याचं तू विचारलं नाहीस तरी. काल पुन्हा तारीख होती. मी एकही टोला मारला नाही. शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तशी सरळ बोलत गेले. दहा मिनिटांत लोकांना कंटाळा आला, आणि जज्जसाहेबांनी चष्मा लावून नकाशा जवळ ओढला. तो दाखल करून घेतला आहे. काळुराम म्हणाला की बाय, आज तुला बरं नव्हतं का. मी म्हटलं की आज बरं होतं.

पत्र लिहीन. मात्र ही नवी बाराखडी आहे आणि मी म्हातारी विद्यार्थिनी. चुका होतील.

लोभ आहे. एवढंच, त्यापुढे गंमत नाही.

ताई


॥ श्री ॥

डोंबिवली
रविवार, ता. १० ऑक्टोबर १९५४

ती. ताईस हरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लग्न काढलं. विधुराचं काम करणारा रघुनाथ रुसला आहे, पण त्याला दुसऱ्या अंकात कोर्टाचा शिरस्तेदार केला.

शेवट आता असा आहे. वकीलबाई मोठा दावा जिंकून घरी येतात. कुलूप काढतात, दारात उभ्या राहून खोकतात, आणि थांबतात. आत दिवा नाही. तिथे पडदा पडतो. काल तालमीत गोपीनाथने हे पहिल्यांदा केलं तेव्हा कोणी हसलं नाही, टाळीही वाजवली नाही. मंडळाचे लोक घाबरले आहेत, म्हणतात की बक्षीस जाईल. गोपीनाथ म्हणाला की गेलं तर गेलं, याउपर लग्न लावलं तर मी मिशी वाढवतो.

पण तो खोकला तुझा आहे. तू परवानगी दिलीस तरच ठेवीन. नाहीतर मी दुसरं काही शोधतो.

भाऊबीजेला आम्ही तिघं नक्की येतो, दोन दिवस राहायला. तेव्हा मी हसवू देणार नाही. चित्रा अनारसे करून आणणार आहे.

लोभ केलास तो मी सांभाळीन.

तुझा,
हरी


कोपरी, ठाणे
मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर १९५४

चि. हरीस आशीर्वाद.

परवानगी आहे.

भाऊबीज अजून सोळा दिवसांवर आहे. त्या दिवशी तू येशीलच, सगळ्यांचेच भाऊ येतात. तू त्याच्या आधी ये. काम काही नाही. मी आजारी नाही. कोर्टात नवं काही घडलं नाही, आणि सांगायला एकही गोष्ट जमवून ठेवलेली नाही. मला करमत नाही. ये.

ताई